कपाटात राहिलेली रायफल

शनिवारी सकाळी आठ वाजता मला पोलादी कपाटातून बाहेर काढले आणि अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या फळीवर, जुन्या घोंगडीवर ठेवले. माझ्या शेजारी आणखी दोन रायफली होत्या. हिनेवाईसाठी तिची पहिली रायफल निवडायची होती, आणि ती त्याच दिवशी निवडायची होती. रविवारी पहाटे तिचा कोरो, म्हणजे आजोबा, तिला घेऊन डोंगरात जाणार होता.

मित्रांनो, वयाने या घरात सगळ्यांत मोठी मीच. कोरो होहेपाचा जन्म व्हायच्याही आधी, एका महायुद्धासाठी, समुद्रापलीकडच्या कारखान्यात माझी नळी कातली गेली. माझ्या बहिणी तुमच्याकडे पोलिसांच्या खांद्यावर होत्या. त्यांना तुम्ही थ्री नॉट थ्री म्हणता. मी प्रत्यक्ष लढाई पाहिली की नाही हे मला सांगता येणार नाही. ग्रीस फासून एका लांब पेटीत बराच काळ पडून होते, एवढे नक्की. युद्ध संपल्यावर होहेपाच्या वडिलांनी मला या खोऱ्यात आणले. झाडीत अडकू नये म्हणून माझे पुढचे लाकूड कापून टाकले, दस्त्याला जवसाचे तेल चोळले आणि सैनिकाची मी शिकाऱ्याची झाले.

मग मी खूप काम केले. हरणे पाडली, रानडुकरे पाडली, शेळ्या पाडल्या. लग्नाच्या आणि मयताच्या जेवणांना मांस लागे, तेव्हा आधी माझी आठवण निघे. या घरातल्या प्रत्येकाचे पहिले हरीण माझ्याच गोळीने पडले. होहेपाचे, त्याचा थोरला भाऊ तुरोआ याचे, पुढे होहेपाची मुलगी मेरेआना हिचे आणि मुलगा पाओरा याचेही. इथे पहिले हरीण मारणाऱ्याने त्यातला घासही खायचा नसतो. ते सगळे वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या पानात जाते. त्या जेवणाच्या वेळी मला भिंतीला टेकून उभे करत आणि येणारा-जाणारा माझ्या दस्त्यावर हात ठेवून जाई.

नंतर हलक्या रायफली आल्या, त्यांच्यावर दुर्बिणी आल्या. वर्षातून दोनदा तेलाचा बोळा फिरायचा, तेवढाच माझा मान उरला. माझा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा खटका, वेगळ्या कुलपात ठेवतात. कायदा तसा आहे आणि तो योग्य आहे. बोल्ट नसला की मी म्हणजे एक जड काठी. ऐकू मात्र सगळे येते. कपाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे.

शनिवारची गोष्ट पुढे नेण्याआधी हंबराच्या दिवसांबद्दल सांगायला हवे, कारण माझी सगळी काळजी तिथे आहे.

एप्रिलात तांबड्या हरणांचे नर हंबरू लागतात. शिकारी झाडीत बसून गाईच्या पोकळ शिंगातून तसाच आवाज काढतो. नराला वाटते, दुसरा नर आपल्या जागेत शिरला. तो चिडतो, उत्तर देतो आणि भांडायला जवळ येतो. जितकी नक्कल चांगली, तितका तो लवकर येतो. खोऱ्यात सगळ्यांत चांगली नक्कल तुरोआची होती. लोक त्याला मुद्दाम जेवणानंतर हंबरायला लावत, आणि बाहेर बांधलेली कुत्री वेडी होत.

एका धुक्याच्या सकाळी तुरोआ नेच्यांच्या आड बसून हंबरला. समोरच्या उतारावरून उत्तर आले. तो पुन्हा हंबरला. उत्तर जवळ आले. दोघेही उत्तम आवाज काढत होते आणि समोर नर आहे याची दोघांनाही खात्री होती. नेचे हलले. समोरच्याने आधी गोळी झाडली. तो याच खोऱ्यातला माणूस होता, तुरोआच्या लग्नात जेवून गेलेला. मी त्या वेळी तुरोआच्या मांडीवर होते. माझ्यात गोळी भरलेली होती.

तेव्हापासून होहेपा हंबरतो तेव्हा शेवटी शिंगातूनच मुद्दाम मोठ्याने खोकतो. प्रत्येक वेळी. खोऱ्यातली सगळी माणसे हा खोकला ओळखतात. पाओरा त्यावरून बापाची थट्टा करतो. "बाबा, एक दिवस हरणं तुमच्यासाठी औषध घेऊन येतील," असे म्हणतो. होहेपा हसत नाही आणि खोकायचे सोडतही नाही.

तर, शनिवार. मेरेआनाची मुलगी हिनेवाई पंधरा वर्षांची आहे. तिला अजून परवाना नाही. परवानाधारक माणूस हाताच्या अंतरावर असेल तरच तिला रायफल हातात घेता येते. ती घोंगडीसमोर उभी राहिली आणि तिने हात मागे बांधले.

"ही माझी घे," पाओरा म्हणाला. त्याची रायफल नवी, लांब आणि काळी आहे. "दुर्बिणीतून हरणाच्या पापण्या मोजशील. या डोंगरावरून त्या डोंगरावरचं हरीण पडतं हिनं."

"पडतं?" मेरेआना दारातून म्हणाली. तिच्या हातात ओला टॉवेल होता. "मागच्या वर्षी तर पळालं म्हणालास."

"वारा होता."

"दर वर्षी तुलाच बरा लागतो रे वारा."

तिसरी रायफल शेजारच्या आंटी तिराने पाठवली होती. तिच्या नवऱ्याची होती ती. तो गेल्यावर तिने ती विकली नाही. नळी बारीक, दस्ता आखूड, काडतूस लहान. पाओराने ती एका हाताने उचलली आणि परत ठेवली. "ससे मारायला बरी आहे."

"माझं काही विचारू नका," होहेपा म्हणाला. "माझं ठरलेलं आहे. तुरोआची रायफल आहे, आपल्या सगळ्यांची सुरुवात हिच्यापासूनच झाली. हिनेवाईची पण होईल."

मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. किती वर्षांनी कोणी माझे नाव आधी घेतले होते. पण त्याने मला तिच्या हातात दिले आणि माझा आनंद लगेच ओसरला.

"दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत धर," होहेपाने सांगितले. "आता बोट चापावर नेऊन बघ. पोचतं?"

"पोचतं, कोरो."

पोचत नव्हते. नखाचे टोक टेकत होते आणि तेवढ्यासाठी तिने मनगट वाकडे केले होते. पाओराच्या ते लक्षात आले. त्याने कानावरची पेन्सिल काढून माझ्या दस्त्यावर एक रेघ ओढली. "दस्ता दोन बोटं कापून टाकू. करवत आणतो."

"थांब," होहेपा म्हणाला. "आधी मारून बघू दे."

कुरणाच्या पलीकडच्या टोकाला मातीचा उंच बांध आहे. त्याच्यासमोर रंगाच्या डब्याचे झाकण तारेने टांगले होते. हिनेवाई जमिनीवर पालथी झोपली. तिने गाल माझ्यावर टेकवला. गाल थंड होता. तिने श्वास रोखला आणि खूप वेळ सोडलाच नाही. आणि मग, चाप दाबण्याच्या किंचित आधी, तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

धडाका झाला. गोळी झाकणाच्या बरीच खाली मातीत गेली.

"वारा," पाओरा म्हणाला.

"पहिल्यांदा होतंच तसं," होहेपा म्हणाला.

डोळे मिटले हे फक्त मला कळले. आवाज झाला की नळी उसळतेच, माणूस हलतोच, आणि त्याने आधी काय केले ते त्यात झाकून जाते. तिने पुन्हा नेम धरला, पुन्हा डोळे मिटले. तिसऱ्या वेळीही तेच. तिच्या खांद्याला मार लागत होता आणि ती तोंडातून आवाज काढत नव्हती. मित्रांनो, डोळे मिटून सुटलेली गोळी कुठे गेली हे ती सोडणाऱ्यालाही माहीत नसते. कुरणात तिच्यापुढे मातीचा बांध होता. डोंगरात तिच्यापुढे झाडी असणार होती, आणि झाडीत कोण असेल ते देव जाणे. मी हे कोणाला सांगू शकत नव्हते. त्या क्षणी मला वाटले, पाओराने करवत आणावी आणि माझे वाटल्यास दहा तुकडे करावेत, पण उद्या मला तिच्या हातात देऊ नये.

चौथ्या वेळी होहेपाने मला तिच्याकडून घेतले. "मी भरून देतो," म्हणाला. तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. बोल्ट मागे ओढला, पुढे लोटला, आणि मला परत तिच्या हातात दिले.

त्याने माझ्यात गोळी घातली नव्हती.

हिनेवाईला ते माहीत नव्हते. तिने नेम धरला, श्वास रोखला, डोळे मिटले आणि चाप ओढला. नुसते टक् झाले. धडाका नाही, धक्का नाही. आणि माझी नळी मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली जमिनीकडे गेली, तिला कोणीतरी वरून दाबल्यासारखी.



"अगं, बटाटे जमिनीत असतात, हरणं वर!" पाओरा मोठ्याने हसला. "डोळे मिटलेस की काय? मेरे, पाहिलंस का?"

हिनेवाईचे कान लाल झाले. ती उठून बसली आणि हाताला लागलेली माती झाडत राहिली.

"पाओरा," होहेपा म्हणाला, "तुझी आण."

"माझी कशाला?"

"आण तर. मी भरून देतो."

पाओराने आपली काळी रायफल आणली. होहेपाने पुन्हा पाठ केली, बोल्टचा आवाज झाला, रायफल पाओराच्या हातात आली. पाओरा ऐटीत पालथा पडला. "झाकणाच्या बरोबर मधून घालतो, बघ पोरी." त्याने दुर्बिणीला डोळा लावला.

टक्.

नळी माझ्यापेक्षाही खाली गेली. गवताला टेकली.

मेरेआना दारातून बाहेर आली. टॉवेल तिच्या खांद्यावर होता. "डोळे मिटलेस तू," ती म्हणाली. "दोन्ही. इथून दिसलं मला." आणि मग तिला हसू आवरेना. "इतकी वर्षं हाच होता का रे तो वारा?"

हिनेवाईपण हसली. पाओरा हसला नाही. तो उठला, रायफलीचा बोल्ट काढून त्याने खिशात टाकला आणि बापाकडे पाहिले. "पोरीसमोर केलंत हे बाबा तुम्ही."

"तू पोरीसमोर हसलास," होहेपा म्हणाला. "आणि मागच्या वर्षी पळालेलं ते हरीण तीन पायांवर किती दिवस जगलं असेल, ते मी तुला विचारलं नव्हतं. आज विचारतो."

"उद्या मी येत नाही. तुमचं तुम्ही बघा." पाओरा आत गेला. स्वयंपाकघरात खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज आला.

होहेपा हिनेवाईजवळ गवतात बसला. त्याचे गुडघे बसताना वाजतात. "आता खरं सांग, मोको, माझी नात ना तू? हिची भीती वाटते?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्या दोघांच्या मध्ये आडवी पडले होते.

"हिची नाही," ती म्हणाली. "हिच्या धक्क्याची. पहिल्या गोळीच्या आधीपासूनच वाटते. आता खांदा काळानिळा झालाय."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुरोआ आजोबांची आहे. आईनं हिनंच मारलं, मामानं हिनंच मारलं. मला एकटीला जमत नाही असं कसं सांगू? तू एवढा खूश होतास, कोरो."

होहेपाने माझ्या दस्त्यावरची पेन्सिलीची रेघ अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला. ती नीट पुसली गेली नाही. "चूक माझी," तो म्हणाला. "माप तुझं घ्यायचं होतं. मी घराण्याचं घेत बसलो. जा, तिराची घेऊन ये."

छोटी रायफल आली. दस्त्याचे बूड कोपराच्या खोबणीत बसले आणि बोट न ताणता चापावर गेले. होहेपाने पाठ करून भरली. हिनेवाईने नेम धरला. मी गवतातून बघत होते. तिचा श्वास अर्धा बाहेर गेला आणि तिथेच थांबला. पापणी हलली नाही. झाकण टण्ण वाजून तारेभोवती फिरले. पुढच्या वेळी होहेपाने गोळी घातली नाही. टक् झाले आणि नळी जिथे होती तिथेच राहिली. त्याने कधी गोळी घालून, कधी न घालता, पुन्हा पुन्हा दिली. हिनेवाई डोळे उघडेच ठेवत गेली. शेवटी ती म्हणाली, "कोरो, आता भरलीस की नाही याचा मी विचारच करत नाही."

"तेच हवं होतं," तो म्हणाला.

माझा मान गेला. मला वाईट वाटले आणि त्याहून जास्त बरे वाटले. या दोन गोष्टी एकत्र कशा होतात ते मला समजावता येणार नाही.

पण रायफल निवडून झाली म्हणून माझी काळजी संपली नाही. मेरेआनाचीही नव्हती. दुपारी सगळे ओट्यावर चहा पीत बसले असताना ती वडिलांना म्हणाली, "मे महिन्यात जा ना. हंबर संपला की शहरातले शिकारी परत जातात. आत्ताच कशाला?"

"पुढच्या वर्षी माझे गुडघे मला वर नेणार नाहीत."

"नाही नेलं तर नाही. हरीण कुठं पळून चाललंय?"

"पुढच्या वर्षी हिच्याकडे परवाना असेल," होहेपा म्हणाला. "मग ती हंबराच्या दिवसांत कोणाबरोबरही जाईल. जाईलच, तू पण गेली होतीस. पहिल्यांदा समोरून उत्तर येतं तेव्हा छातीत काय होतं, तुला माहीत आहे. त्या वेळी हिच्याजवळ मी असायला हवा. दुसरा कोणी नको."

मेरेआनाने कप खाली ठेवला. "तुरोआ काकांना घरी आणलं तेव्हा मी सहा वर्षांची होते, बाबा. त्यांच्याजवळ पण माणसं होतीच."

होहेपाने उरलेला चहा ओट्याखाली ओतला. तो उठला आणि हिनेवाईला घेऊन पुन्हा कुरणात गेला.

तिथे त्याने तिला शिकवले ते मी शब्दशः सांगते. त्याने तिला आपल्या उजव्या बाजूला बसवले आणि म्हणाला, "रायफल एक आणि माणसं दोन. बोट चापावर जाण्याआधी डावा हात माझ्या पाठीवर ठेवायचा. मी कुठे आहे ते हाताला कळू दे, मगच पुढे. आता सांग, झाडीत तांबडं काहीतरी हललं. काय करशील?"

"काही नाही."

"शिंग दिसलं."

"फांदी असेल."

"हंबरलं."

"माणूस असेल."

"मान दिसली."

हिनेवाई थांबली. "अख्खं दिसेपर्यंत काही नाही."

"आणि अख्खं दिसलं, पण त्याच्या मागे काय आहे ते दिसत नाही?"

"घरी येऊन आईच्या हातचं खायचं."

"शाबास," होहेपा म्हणाला. संध्याकाळपर्यंत ती त्याच्या पाठीवर हात ठेवत राहिली, तो "झाडीत हललं" म्हणत राहिला आणि ती "काही नाही" म्हणत राहिली. मग मला तेलाचा हात फिरवून कपाटात ठेवले, आणि माझा बोल्ट वेगळ्या कुलपात गेला.

रविवारी उजाडता उजाडता दोघे निघाले. छोटी रायफल, नारिंगी जाकिटे, एक रेडिओ, पाव. वरच्या ओढ्याकाठी शिकार करण्याचा आजचा परवाना याच घराच्या नावावर होता, म्हणजे तिथे दुसरे कोणी असायला नको. दुपारी जेवणाच्या वेळी रेडिओवर बोलायचे ठरले होते.

यापुढचे सगळे मी कपाटातून ऐकलेले आहे. जे ऐकले तेवढेच सांगते.

सकाळी पाओरा उशिरा उठला. मेरेआनाने डुकराची हाडे आणि ओढ्याकाठची भाजी मोठ्या पातेल्यात शिजत घातली. पाओरा न बोलता बटाटे सोलत होता. एकदा ती म्हणाली, "जाड सालं काढतोयस." एकदा तो म्हणाला, "मग तू सोल." एवढेच.

दुपार झाली. रेडिओ बोलला नाही. मेरेआनाने हाक दिली: "बाबा, ऐकू येतंय का? हिनेवाई?" नुसती खरखर. मध्ये डोंगर आला की रेडिओ पोचत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पाओरा तसे बोललासुद्धा. मेरेआनाने पातेल्याखालची आच कमी केली.

थोड्या वेळाने आंटी तिरा आली. तिने स्वतः भाजलेला पाव आणला होता. तिचा आवाज मोठा आहे, म्हणून तिचे प्रत्येक वाक्य मला नीट ऐकू आले.

"कशी चालली माझ्या म्हाताऱ्याची रायफल? सकाळभर कपडे वाळत घालताना होहेपाचा खोकला ऐकत होते. मग एक गोळी वाजली. एकच. मग सगळं गप्प. म्हटलं, पोरीनं मारलं वाटतं! बघायला आले."

"किती वेळ झाला?" मेरेआनाने विचारले.

"झाला की बराच. पावाची कणीक तेव्हा नुकती फुगली होती."

"आवाज कसा होता?" पाओराने विचारले. "बारीक की मोठा?"

तिराचा आवाज एकदम खाली आला. ती इतकी हळू सहसा बोलत नाही. "मोठा," ती म्हणाली. "आता तू विचारतोस म्हणून... मोठाच होता. आमच्या रायफलीचा तसा नाही येत. पण डोंगरात आवाज घुमतो रे, सांगता नाही येत."

"पुलाजवळ कोणाची गाडी आहे का?"

"पांढरी आहे एक. आपल्याकडची नाही. मला वाटलं, तुमच्याकडे पाहुणे आलेत."

पाओराची खुर्ची सरकली. त्याची पावले कपाटाकडे आली. किल्ली फिरली, दार उघडले, उजेड आत आला. त्याने आधी आपल्या काळ्या रायफलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्याचा हात माझ्या नळीला लागला आणि तिथेच थांबला. हात थंड होता. त्याने दार लावून घेतले आणि किल्ली फिरवली.

"नुसताच जाणार?" मेरेआनाने विचारले.

"आज वर रायफली जेवढ्या कमी तेवढ्या बऱ्या," तो म्हणाला. "दुसरा रेडिओ दे. नारिंगी जाकीट कुठे आहे माझं?"

"बाहेर, दोरीवर. पाओरा, तू हंबरू नकोस हं. ते ऐकून उत्तर देतील म्हणून..."

"वेडा आहे का मी?"

गाडी गेली. तिरा थांबली. तिने पोलिसांना फोन करायला सांगितले, आणि मेरेआनाने केला. जवळची चौकी दूर आहे. दोन माणसे निघाली आहेत, पोचायला वेळ लागेल, असे त्यांनी सांगितले. परवान्याच्या कचेरीत रविवारी कोणी फोन उचलत नाही.

मित्रांनो, माझ्याकडे बोल्ट नाही आणि पाय नाहीत. मी फक्त विचार करू शकते. ती गोळी छोट्या रायफलीची असेल, डोंगराने तिचा आवाज मोठा केला असेल, आणि दोघे जण हरणाचे मांस पाठीवर घेऊन हळूहळू उतरत असतील. होहेपाचे गुडघे बघता वेळ लागणारच. किंवा ती गोळी पांढऱ्या गाडीतल्या कोणाची असेल आणि ती हरणालाच लागली असेल. तिसरी शक्यता मी मनात आणते आणि परत बाहेर घालवते. मला छोट्या रायफलीचा आता हेवा वाटत नाही. ती हिनेवाईच्या हातात आहे आणि मी इथे आहे, एवढेच सलते.

तुमच्यापैकी कोणी मोठेपणी माझ्यासारखी वस्तू हातात घेणार असेल, तर तिची निगा राखा. नळी पुसा, बोल्ट वेगळा ठेवा, कुलूप लावा. पण ती तुमच्या मापाची नसेल तर तसे तोंडाने सांगा, ती कोणाचीही असली तरी. आम्हाला वाईट वाटते, ते लवकर जाते. आणि झाडीत जे अख्खे दिसत नाही त्याच्यावर गोळी झाडू नका. हे मी हिनेवाईला सांगू शकले नाही, होहेपाने सांगितले. समोर जो कोणी होता त्याला कोणी सांगितले होते की नाही, मला माहीत नाही.

संध्याकाळ होत आली तेव्हा रेडिओ खरखरला.

"मेरे, पाओरा बोलतोय. दुसऱ्या फाट्यापाशी आहे. चिखलात बाबांच्या बुटांचे ठसे आहेत, तिचे पण आहेत. वर गेलेले आहेत. उतरलेले नाहीत."

"आणखी कोणाचे?"

"आहेत. दोघांचे तरी असतील. पलीकडून आलेत." तो धापा टाकत होता. "इथून हाका मारतो. बटण दाबून धरतो, म्हणजे तुलाही ऐकू येईल."

मग त्याचा आवाज रेडिओपासून लांब गेला आणि मोठा झाला. "बाबा! हिनेवाई! मी पाओरा! गोळी मारू नका! माणूस आहे, माणूस!"

तो थांबला. पाण्याचा आवाज येत होता. त्याने पुन्हा तीच हाक मारली, पुन्हा तेच शब्द.

मेरेआनाने पातेल्याखालची आच बंद केली, म्हणजे तोही आवाज मध्ये येऊ नये. तिराची खुर्ची अजून सरकलेली नाही. रेडिओवर अजून ओढ्याचे पाणी ऐकू येते आहे.